शर्टाच्या खिशातला गूळ

सातव्या वर्षापासून मला टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं. रिकाम्या शिशा मी एका डब्यात साठवतो आणि डबा भरला की दवाखान्यात नेऊन देतो. लोकांनी ऐकवलेली वाक्यं मात्र कुठं नेऊन द्यायची, ते कळत नाही. तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही. मग ती साठत जातात. आज डबा जरा रिकामा करतो.

*

सुरुवात शाळेपासून. शुगर एकदम उतरली की हातपाय थरथरतात, घाम फुटतो, अंधारी येते. तेव्हा लगेच गोड खावं लागतं, म्हणून आई माझ्या शर्टाच्या खिशात गुळाचा खडा ठेवायची. नववीत असताना एकदा गणिताच्या तासाला खडा तोंडात टाकला. सरांनी पाहिलं.

"वर्गात खायचं न्हाई! काढ बाहेर!"

मी काढला. सांगायला तोंड उघडलं, तर "उलटून बोलतो?" दहा मिनिटांनी मी बाकावरून खाली!

शुद्धीवर आलो तेव्हा वडील, म्हणजे आमचे बापू, येऊन उभे होते. हेडमास्तर त्यांना सांगत होते, "पोराला घरीच ठेवा. आमच्यावर जिम्मेदारी नको."

गूळ काढायला लावला सरांनी, आणि शाळेबाहेर गेलो मी!

*

शाळा सुटली म्हणून मी शेती करतो असं सगळ्यांना वाटतं. मला शेतीच आवडते, हे कुणाला पटतच नाही. उमरीच्या अलीकडं आमचं सहा एकर रान आहे. हळद, सोयाबीन, थोडा ऊस.

बापूंचे गुडघे गेले तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ, दत्ताकाका, घरी आले. "दादा, शेत मला बटईनं दे, निम्मं पीक तुला. हे पोरगं कुठं बांधावर पडंल, कुणाला दिसायचंबी न्हाई." हे माझ्यासमोर! जणू मी तिथं नव्हतोच.

बापूंनी मळलेली तंबाखू दाढेखाली धरली आणि म्हणाले, "येक साल बघू. ह्या सालात पोरगं शेतात येकदाबी पडलं, तर पाडव्याला शेत तुला."

म्हणजे भाव पडला तरी चालेल, विहिरीचं पाणी खाली गेलं तरी चालेल. मी पडायचं नाही!

*

शेतात मी लवकर जातो आणि न्याहारी तिथंच करतो. त्यामुळं सकाळचं इंजेक्शनही बाभळीखालीच. एकदा पोटाला सुई लावतोय, तेवढ्यात गावचे पोलीस पाटील बांधावर हजर!

"हे काय करून राहिलास रे?"

"इन्सुलिन घेतोय."

"कव्हापासून लागलास ह्या नादाला?"

"सात वर्षांचा होतो तेव्हापासून."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "बापाला म्हाईत हाय का?"

"बापूंनीच शिकवलं टोचायला."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं: बापानंच पोराला नशेला लावलं!

*

आमची आत्या चार दिवस राहायला आली होती. मायाळू बाई. माझं इन्सुलिन फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात असतं. तिनं उचलून ते वर बर्फात ठेवलं. सगळं गोठलं, वाया गेलं. मी ते बाहेर काढून दाखवलं, तर म्हणते, "थंडच ठिवायचं हाय ना? मग चांगलं थंड केलं की!"

तेव्हापासून थोडा साठा उमरीत सलीमचाचांकडं असतो. ते मोटरी रिवाइंड करतात. त्यांनी फ्रिजमधल्या माझ्या डब्यावर चिठ्ठी लावली आहे: 'मोटर का पुर्जा. हाथ नको लगाओ.'

"चाचा, औषध लिहा की!"

"दवा लिखा तो घर में सब पूछते, एक गोली हमको भी दो!"

*

फवारणी चालू होती. पाठीवर सोळा लिटरचा पंप, सकाळपासूनचा नववा. रस्त्याकडेला एक रिटायर गुरुजी मोटरसायकलवर थांबले. गाडी चालूच.

"तुला शुगर हाय म्हणं? मलाबी हाय. रोज अर्धा घंटा चालत जा. आळस करू नगंस!"

एवढं बोलून गाडी वळवली आणि पानटपरीवर गेले. टपरी तिथून दोनशे पावलांवर!

*

लातूरकडचं स्थळ आलं. आईनं आधीच बजावलं होतं, "काय लपवायचं न्हाई." मी खाली मान घालून सगळं सांगितलं. किती इंजेक्शनं, किती वाजता जेवण, सगळं. मुलीच्या वडलांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, चला, माणूस समजूतदार आहे.

ते म्हणाले, "शुगरचं काय येवढं? औषधं हायत. ते येक वेळ चालंल." आणि आईकडं वळून विचारलं, "पर शेती?"

*

आता येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं. आई लातूरकडची, त्यामुळं हा सण आमच्याकडं जोरात. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची. आत पाच दगडांना चुना लावून पांडव बसवायचे. त्यांना नैवेद्य दाखवायचा. मग शेतकऱ्यानं ताक-पिठाच्या आंबिलाचं मडकं घेऊन, पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची. पांडवांच्या आधी कुणी घास तोंडात घालत नाही.

पाडव्याला तीन महिने उरले होते. मी एकदाही पडलो नव्हतो. बापूंना चालवत नाही, तेव्हा नैवेद्य दाखवून फेरी आपणच मारणार, असं काकांनीच ठरवून टाकलं होतं. त्यांची वाट बघता बघता बारा वाजले, एक वाजला. सकाळी इंजेक्शन झालं की मला दुपारचं जेवण वेळेवर लागतंच. घाम फुटला. खिशात हात घातला, तर सणाचा नवा शर्ट! गूळ घरी, खुंटीवरच्या जुन्या शर्टात.

आई विहिरीवर. कोपीबाहेर पाहुण्यांत बापू बसलेले. बोलायला गेलो तर जीभ वळेना. समोर नैवेद्याची गव्हाची खीर, गूळ घातलेली. पांडवांच्या पुढून द्रोण ओढला आणि खाल्ली.

नेमके तेव्हाच काका आत आले. त्यांनी आंबिलाचं मडकं उचललं आणि ओरडले, "पांडव उपाशी आन ह्यो जेवला! दादा, देवाआधी जेवणाऱ्याच्या हाती शेत ठिवणार हाईस?"

आई धावत आली, पदरानं माझं कपाळ पुसलं आणि द्रोण पुन्हा भरला. "खा आजून."

बापूंनी कोपीच्या दारातूनच मला विचारलं, "किती वाजता खावं लागतं तुला?"

"बाराला."

"आता किती झाले?"

"दीड."

बापू गुडघ्यावर हात टेकून उठले. काकांच्या हातातलं मडकं काढून घेतलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"दत्ता, फुडल्या येळवशीला बाराच्या आत येत जा. ज्याचं शेत, त्याच्या टायमावर पांडव जेवतील."