कुजबुजताईची तबकडी

आमच्या विज्ञान केंद्रात माणसाला वेगळं नाव लागत नाही. ज्या प्रयोगापाशी उभं राहाल, तेच तुमचं नाव. मी वाकड्या आरशांपाशी असते म्हणून आरसेवाली, आणि माझ्यासमोर असते ती कुजबुजताई. हे नाव तिला शाळेच्या सहलींनी ठेवलं. दालनाच्या एका टोकाला दारापेक्षा उंच अशी खोलगट तबकडी, दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी. एकीत तोंड घालून कुजबुजलं की दुसरीपाशी बसलेल्याला ते अगदी कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं, आणि मधल्या गर्दीला पत्ताही लागत नाही. “नुसता श्वास सोडला तरी पोचतो हं,” असं ती मुलांना सांगते, मग पोरं दिवसभर एकमेकांना नको नको ते ऐकवत बसतात.

स्वभावानं ती मऊ, माझ्यासारखी फटकळ नाही. कुणी बटण उपटून हातात दिलं तरी “अरे राजा, असं नाही करायचं” एवढंच म्हणणार. असल्या माणसांचं सगळं आत साठतं, कधीतरी बोलून मोकळी हो, असं मी तिला किती वेळा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

तिचे वडील तिच्याकडे राहायला आले आणि साठवण वाढली. त्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात, यंत्रांच्या धडधडीत गेलेलं, त्यात कान गेले. कानाचं यंत्र आणलं, तर त्यात भांडीसुद्धा किंचाळतात म्हणून ते खणात पडून. घरात टीव्ही इतका मोठा, की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या फुकटात. लेकीची परीक्षा, नवऱ्याची रात्रपाळी, आणि “चहा घेता का” हेही ओरडून विचारायचं. भाऊ दूर, चांगल्या ऐसपैस घरात. त्याचं काम फोनवरून “बाबांना जप गं” म्हणायचं. ते मात्र तो न चुकता करायचा.

“तू काय काम करतेस ते एकदा बघू तरी दे,” असा बाबांनी हट्ट धरला, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ती त्यांना घेऊन आली. म्हाताऱ्यानं दालन डोक्यावर घेतलं. सायकल मारून दिवा पेटवला. माझ्या जाड दाखवणाऱ्या आरशासमोर उभं राहून पोटावर हात फिरवला आणि ओरडले, “बघा, लेकीनं किती पोसलंय मला!” सगळे हसले. तीही हसली, पण जरा ओशाळून.

मग ते दमले. बसायला जागा एकच रिकामी होती, पलीकडच्या तबकडीसमोरचं स्टूल. तिनं त्यांना तिथं टेकवलं आणि आपल्या जागी परत आली. तेवढ्यात भावाचा फोन.

इथं आमची एक खोड सांगायला हवी. गर्दीच्या दिवशी दालनात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून फोन आला की आम्ही सगळेच तिच्या तबकडीत तोंड घालतो, तिथं जरा शांत असतं. पलीकडं कुणी बसलेलं नाही ना, एवढं आधी बघायचं. तिनं बघितलं. बाबा बसले होते. त्यांना कुठं काय ऐकू येतंय, असं म्हणून तिनं फोन घेतला.

“दादा, आता तू घेऊन जा त्यांना. मला नाही जमत रे. ओरडून ओरडून घसा गेला माझा, संध्याकाळी घरी जायला नको वाटतं. नाही, त्यांना खरं कशाला सांगायचं? बदल म्हणून चला, असं सांगू.”

हे बोलणं तिनं मला नंतर सांगितलं; तेव्हा मला इकडून फक्त आजोबा दिसत होते. त्यांनी मान वर केली, तबकडीकडं वळले आणि कान पुढं केला. चेहरा एकदम उजळला. बऱ्याच वर्षांनी काहीतरी स्पष्ट ऐकू आलं असणार. मग ते हळूच मागं सरकले. मला वाटलं, म्हाताऱ्याला गंमत वाटतेय.

फोन ठेवून ती वळली आणि त्यांना तसं मागं सरकून बसलेलं बघितलं. तडक माझ्याजवळ येऊन म्हणाली, “त्यांनी ऐकलं का गं?”

“छे! कानाशी ढोल वाजवला तरी कळायचं नाही त्यांना,” मी म्हटलं.

पण तिला राहवेना. आणि तिकडं जाऊन कानात ओरडून विचारणार तरी काय? ती पुन्हा तबकडीपाशी गेली आणि अगदी हळू, ऐकू जाऊच नये अशा आवाजात म्हणाली, “बाबा, घरी जाऊ या?”

तबकडीतून उत्तर आलं. तेही हळू. इतक्या हळू बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“कुणाच्या?”

तिनं तोंडावर पदर धरला. तबकडी पुन्हा बोलली, “रडू नकोस बाळा. लोक बघतायत.”

त्याच संध्याकाळी तिनं भावाला नाही म्हणून कळवलं, बाबांची माफी मागितली, पाय धरले. “मी काही ऐकलंच नाही,” एवढंच ते म्हणत राहिले. अजूनही तेच म्हणतात. ते तिच्याकडेच असतात, तब्येत बरी आहे. फक्त टीव्ही आता आवाज बंद करून बघतात. ती जाऊन आवाज वाढवते. ती स्वयंपाकघरात गेली, की ते पुन्हा बंद करतात.