निरोगी म्हणून निवडलेली खाडी

हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. जी खाडी मी निरोगी म्हणून निवडली होती, ती निरोगी नव्हती. आणि ते मला माहीत होतं.

ऐंशीच्या सुमारास रत्नागिरीत मी माशांच्या रक्तावर पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होतो. माशाच्या रक्तातही रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. पाणी नासलं की आधी त्या बिघडतात; मासा मरतो नंतर. एका कारखान्याखालच्या नाल्यातले मासे आजारी आहेत, हे मला दाखवायचं होतं. त्यासाठी तुलनेला स्वच्छ पाण्यातले मासे हवेत. म्हणून भाट्ये गावापलीकडची ती लहानशी खाडी.

तिथले मासे बाजारात विकणाऱ्या शेवंतीकाकू माझ्यासाठी बोयी मासे जिवंत ठेवायच्या — मेलेल्या माशाचं रक्त काय कामाचं? मी सुई काढली की हसायच्या, "आला बग डास, रगत प्यायला!"

एका हिवाळ्यात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या बोयींचं रक्त पाहिलं. दाटीनं दिसणाऱ्या पेशी तुरळक. उरल्या त्या फुगलेल्या, फाटलेल्या. रंगवताना चुकलं असेल? नव्या काचपट्ट्या केल्या. तेच. म्हणजे इथंही घाण उतरत होती. म्हणजे माझं सगळं काम फुकट.

मग मी काय केलं? दूर पूर्णगडच्या स्वच्छ खाडीतून बोयी आणल्या — एस.टी.त हंडा पायांत धरून — आणि त्यांच्या काचपट्ट्यांवर काकूंच्या खाडीचं नाव घातलं.

त्याच दिवसांत काकूंनी विचारलं, "सायेब, बाया म्हनतात माशाला वास येतो. पानी बरा हाय ना?"

"चांगलं आहे," मी म्हणालो.

काकूंनी तेच बाजारात छातीठोकपणे सांगितलं. उन्हाळ्यात खाडीभर मासे उलटे तरंगले. लोकांनी आजारी मासे खाल्ले होते, काकूंच्या शब्दावर — की माझ्या?

"काय गो शेवंते, तुजा डास काय म्हनतो आता?" बाजारात बायका विचारायच्या. गिऱ्हाईक त्यांच्या पाटीशी थांबेना. शेवटी त्यांनी पाटी उचलली ती कायमची. मी मात्र बाजाराचा रस्ताच टाळला. आजही कुणी 'डॉक्टर' म्हणून हाक मारली, की त्या तुरळक पेशी डोळ्यांसमोर येतात.

परवा काकूंच्या घरी गेलो. काकू पडवीत शेजारणींबरोबर सुकट निवडत होत्या. बाजारात टोमणे मारणाऱ्या त्याच बायका. मी उभाच राहिलो.

"काकू, तुमच्या बोयी तेव्हाच आजारी होत्या. मी रक्तात पाहिलं होतं. खोटं तुम्ही बोलला नाहीत — मी बोललो. चूक माझी होती."