रानअंजिराच्या माळा

आमच्या काबिली डोंगरात दा मेझियानइतकं अंजिरांना कुणी जपलं नाही. दर जूनमध्ये तो रानअंजिरं ओवून त्यांच्या माळा झाडांना टांगायचा. रानअंजिरात चिलटं जन्मतात. तीच अंगावर पराग घेऊन गोड अंजिरात शिरतात, तेव्हा कुठे फळ टिकतं. नाहीतर सगळं गळून जातं.

एका वर्षी फ्रान्सहून आलेल्या भावानं ‘किड्यांचं झाड’ म्हणून त्याचं रानअंजीरच तोडलं! आता दुसरं झाड फक्त म्हाताऱ्या यम्मा तसादितकडे, आणि शेळीवरून झालेल्या भांडणापासून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद. मेझियान टोपी हातात धरून तिच्या दारात उभा राहिला.

“सापडलं का रे घर?”

“यम्मा, माझी अंजिरं गळतील गं.”

“गळू देत मेली!” म्हणत तिनं टोपली भरलीसुद्धा. “इथंच बसून ओव. तुझ्या गाठी सैल असतात.”

दुपारपर्यंत टोमणे खात तो ओवत बसला, आणि गळ्यात माळा घालून, डोक्याभोवती चिलटं घेऊन नवरदेवासारखा परतला. अंजिरं भरपूर आली. रानअंजीर मात्र त्यानं पुन्हा लावलं नाही. मी विचारलं, तर म्हणतो कसा, “वेड्या, मग तिच्याकडे जाऊ कशाला?”