काळ्या मसाल्याच्या नावावर

हे आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. आणि मी कोण, तर घरच्या कुठल्याही लग्नाबारशात ज्याच्याभोवती चार खुर्च्या आपोआप ओढल्या जातात तो माणूस. कुणाची वरात नाल्यात अडकली, कोणता जावई रुसून बसस्टँडवर जाऊन झोपला – सगळं मला पाठ. नसलं पाठ तर रचता येतं. एवढ्या बोलक्या माणसाची एखादी गोष्ट पोटात राहते, ती का राहत असेल?

सांगतो. पण जरा वळसा घालून. सरळ सांगण्याची सवय असती तर सांगायची वेळच आली नसती.

इतवारा बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. चाळिशी ओलांडली, पोट दुखायला लागलं म्हणून खडा शोधायला सोनोग्राफी केली, आणि सापडलं भलतंच. यकृतावर चरबी. डॉक्टरांनी सांगितलं – तळलेलं बंद, गोड बंद, मैदा बंद, रोज चालायचं. वेळेत ऐकलं तर सुधारतं. मी आयुष्यात दारूच्या बाटलीला हात लावलेला नाही. पिणाऱ्यांचा आजार मला न पिता झाला, याचाच मला जास्त राग आला.

माझ्या बायकोला, शैलाला, राग वगैरे आला नाही. तिने दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर बदललं. भरितावरची तेलाची धार गेली. शेवभाजी गेली, पुऱ्या गेल्या. दुधी, गिलकी, पालक, मुगाची पातळ डाळ, ज्वारीची भाकरी, ताटाच्या कडेला काकडी. माझ्यासाठी वेगळं शिजवायचं नाही, त्याने माणसाला उगाच आजारी वाटतं, असं तिचं म्हणणं. म्हणून आई, मुलगी आणि ती स्वतः, सगळे तेच जेवू लागले. मुलगी ताट बघून म्हणायची, "मम्मी, आपण सगळेच अ‍ॅडमिट झालोय का?" आणि मुकाट्याने जेवायची.

एकच गोष्ट शैलाने ठेवली. काळा मसाला.

त्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी, कडक उन्हात, वर्षभराचा मसाला होतो. सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, मग धणे, मिरच्या, दगडफूल, थोड्या थोड्या तेलात. शैला भाजायला बसली की गल्लीतल्या बायका ठसकत ठसकत वाटी घेऊन यायच्या. माझी बहीण डोईफोडिया गावी दिलेली, ती उघड म्हणायची, "वहिनी, आखाजीला मी तुझ्या मसाल्यासाठी येते, दादाचं तोंड पाहायला नाही." शैला तिची बरणी भरताना दाबून भरायची. बिनतेलाच्या दुधीत चिमूटभर टाकला तरी दुधी माणसात यायचा. तेवढ्यावर ती सगळ्यांना ते जेवण जेववत होती.

आणि मी?

मी दुकान बंद करून रोज मावा जिलेबी खात होतो. कुठल्या दुकानात ते विचारू नका, त्या बिचाऱ्याचा काय दोष. काळपट, जाड, पाकात बुडालेली, गरम. उभ्या-उभ्या खायचो, कधी वर आणखी एक. बोटं पुसायला दुकानातले अस्तराचे तुकडे होते. घरी जाऊन दुधी समोर आला की तोंड असं करायचो, जणू सगळ्या घराचे उपास-तपास मीच करतोय. शैलाला माझी दया यायची. ती म्हणायची, "थोडेच दिवस हो." – हे लिहिताना हसू येतंय, म्हणजे अजूनही मी पुरता सुधारलेलो नाही.

पुढचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला.

डॉक्टरांसमोर आम्ही तिघं होतो – मी, शैला, आई. त्यांनी मला विचारलं, "बाहर कुछ खाते हैं?" मी म्हटलं, "नहीं."

एवढंच. एक शब्द. बाहेर काही नाही म्हटल्यावर डॉक्टर कुठे बघणार? ते शैलाकडे वळले. घर में तेल कितना लगता है? शैला म्हणाली, थोडंच. तिचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदा ऐकला. आणि आई म्हणाली, "मसाला भाजताना किती तेल वतते, ते सांग ना डॉक्टरले."

डॉक्टरांनी मसाल्याचं नावही घेतलं नव्हतं. पण रिक्षात बसेपर्यंत आईचा निकाल देऊन झाला होता, आणि घरी पोचेपर्यंत तो शैलालाही पटला होता. मी मध्ये बसलो होतो. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? आई ओरडली असती. शैलाने अबोला धरला असता. बस. याहून स्वस्तात सुटका कुणाची होते?

शैलाने बरणी रिकामी केली. बहिणीला अर्धा, गल्लीत उरलेला. त्यानंतर आमच्या घरात मसाला भाजला गेला नाही.

असंच चाललं तर यकृत कडक होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला मी मनापासून घाबरलो. जिलेबी सोडली. खरोखर सोडली, चालायलाही लागलो. आणि त्याच्या पुढचा रिपोर्ट चांगला आला. आता तुम्हीच बघा – मसाला गेला आणि मी सुधारलो. आईला वेगळा पुरावा कशाला हवा होता? तिने सगळ्या नातेवाईकांना सांगितलं.

इथपर्यंत फक्त भित्रेपणा होता. तो एखाद्याला समजूही शकतो. पण मी गोष्टी सांगणारा माणूस. चार खुर्च्या ओढल्या गेल्या, आणि मी ही गोष्टही सांगायला लागलो. "माझ्या लिव्हरचा खून होता होता राहिला, हत्यार बरणीत सापडलं." लोक पोट धरून हसायचे. पुतण्याच्या लग्नात तर पुन्हा सांगायचा आग्रह झाला. शैला तिथेच मठ्ठा वाढत होती. तीही हसली. मी ते पाहिलं, आणि गोष्ट पुरी केली.

आई आता नाही. मुलीचं लग्न ठरलंय. परवा ती शैलाला म्हणाली, "मम्मी, जायच्या आधी मसाला शिकव ना." शैला गिलकी चिरत होती. म्हणाली, "बाजारात चांगला मिळतो गं आता. माझ्या हाताला अंदाज नाही."

मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. पान उलटलं.

पूर्वी शैला भाजी चाखूनही बघत नसे, आणि कशी झाली म्हणून कधी विचारत नसे. गरजच नव्हती. आता रोज विचारते. पहिला घास घेतला की समोर उभी असते – तेल जास्त तर नाही ना झालं?

आजही विचारलं. मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.