रिकामी बॅरिकेड

माझी भक्ती आकड्यांची होती, हे आधीच सांगतो. रोज सकाळी गणपतीच्या नावाचा जप, एक हजार आठ वेळा, एकही कमी नाही. मोजायला हातात बटणाचे काउंटर. तेच काउंटर खिशात टाकून मी कामावर जाई आणि गाड्या मोजे. मनात शंका मात्र कायम असायची. हे कुणापर्यंत पोहोचते आहे, की नुसतीच बेरीज वाढते आहे?

मी एका ठेकेदाराकडे वाहतुकीचे नियोजन पाहतो. गेल्या वर्षी बोरीवलीजवळच्या हायवेवरील एका जुन्या पुलाचे काम आमच्याकडे होते. डांबराचा जुना थर खरवडायचा, पुलाच्या भागांमधले झिजलेले सांधे कापून नवे बसवायचे, मग वर नवा थर. अंधेरीकडे जाणाऱ्या तीन लेनपैकी दोन बंद, एक चालू. कामाआधी मी तीन मंगळवार उभे राहून गाड्या मोजल्या आणि लिहून दिले, की पूल ओलांडायला जास्तीत जास्त चौदा मिनिटे लागतील. पहिला आठवडाभर तो आकडा चुकला नाही. मला त्याचा अभिमान होता.

पुढच्या मंगळवारी सांधे कापायला सुरुवात व्हायची होती. सकाळी दहिसरला घरी पत्नीने पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. मी खाल्ली आणि निघालो. का, असे विचारलेही नाही. पुलावर पोहोचलो तर पाण्याचा टँकर नाही. कापायच्या यंत्राला सतत पाणी लागते. लेन अडवणारी प्लास्टिकची बॅरिकेडही पाणी भरूनच जड करतात. नव्या टप्प्यासाठी आदल्या संध्याकाळी मांडलेली बॅरिकेड रिकामीच उभी होती. टँकरवाल्या सावंतांना फोन लावला.

"साहेबानू, आज अंगारकी मा! देवाच्या रांगेत उभो आसय. धा वाजेपर्यंत येतंय."

"अहो, काम सोडून रांगेत?"

"तुमच्या नावानय एक नारळ देतंय!"

फोन ठेवला आणि मला खिचडीचा अर्थ लागला. मी मोजलेले तिन्ही मंगळवार साधे होते. अंगारकीला सकाळपासून निम्मे उपनगर दर्शनाला निघते, हे रोज त्याच देवाचे नाव घेणाऱ्या माणसाने हिशेबात धरलेच नव्हते. रांग वाढत गेली. एक रिक्षावाला ओरडून गेला, "काय साहेब, बाप्पालाच इथे बोलावताय काय?" मी कामगारांना बाजूला बसवले आणि वहीत सावंतांविरुद्ध तक्रार लिहिली.

नऊच्या सुमारास मुलीचा फोन आला. "बाबा, आईच्या छातीत दुखतंय. अॅम्ब्युलन्समध्ये आहोत. तुमच्याच रांगेत अडकलोय."

हॉस्पिटल पुलापलीकडे होते आणि माझी चौदा मिनिटे तोवर चाळीस झाली होती. वाटेतल्या गाड्या बाजूला सरकत गेल्या आणि अॅम्ब्युलन्स कशीबशी पुलाच्या तोंडाशी आली. पुढे एकच लेन, त्यात बस आणि तिच्यापुढे गाड्याच गाड्या. शेजारच्या दोन लेन मोकळ्या, पण मधे मी लावलेली बॅरिकेड. धावत गेलो आणि तिथे उभा राहून गणित करू लागलो. पाणी भरलेले एक बॅरिकेड सुमारे तीनशे किलो. निदान पाच हलवायला हवीत. माणसे किती, वेळ किती. टँकर आलेला नाही, हे मला त्या क्षणी आठवलेच नाही.

रांगेतल्या एका मोटारसायकलवाल्याने गाडी स्टँडवर लावली, एका बॅरिकेडला हात घातला आणि ते उचलले. "काका, बघत काय बसलाय? रिकामं आहे हे! धरा ना यार!"

अर्ध्या मिनिटात पाचही बाजूला झाली. अॅम्ब्युलन्स खरवडलेल्या रस्त्यावरून खडखडत निघाली. टँकर वेळेवर आला असता, तर पुढे सांधा कापलेला असता आणि ती तिथेच अडली असती. फोरमनने बॅरिकेड परत लावून घेतली. मोटारसायकलवाला म्हणाला, "बसा मागे." त्याने मला हॉस्पिटलच्या दारात सोडले. हेल्मेटच्या काचेआड कपाळावरचा टिळा तेवढा दिसला. नाव विचारायचे राहून गेले.

पत्नी नवव्या दिवशी घरी आली. सावंत अंगारकीच्याच संध्याकाळी प्रसादाचा नारळ घेऊन हॉस्पिटलात आले होते. बिचारे घाबरले होते. "साहेबानू, माका कामावरसून काढशात काय?" मी वहीतले ते पान फाडले आणि त्यांच्यासमोर नव्या पानावर लिहिले, 'अंगारकी लक्षात घेतली नाही. चूक माझी.'

बाप्पाने टँकर अडवला, असे मी म्हणणार नाही. रिकामे बॅरिकेड एखाद्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते, हेही मला माहीत आहे. मला एवढेच कळते, की माझ्या नियोजनात मी कुठेच फट ठेवली नव्हती, आणि माझी पत्नी वाचली ती नकळत राहून गेलेल्या फटीतून. आता प्रत्येक आराखड्यात मी पाच हलकी बॅरिकेड आणि त्यांच्याजवळ एक पहारेकरी ठेवतो. बाकीचे मात्र मी आता बाप्पावर सोडायला शिकतो आहे.

जपाला काउंटर घेत नाही. परवा पत्नीने विचारले, "किती झाले?"

"मोजले नाहीत."

ती हसून म्हणाली, "मग आज पोहोचले असतील."