डोंगरखेडचे चारशे ऐंशी कॅरेट

मोर्शीच्या माल टर्मिनलवर नक्कल ऐकायची तर ती फाटकावरच्या इंदूबाईची. मागे येणाऱ्या ट्रकचं रडगाणं, मुकादमाचं खाकरणं, सगळं तिच्या गळ्यात. या हंगामात नवा काटा बसला. रिकामे कॅरेट ठेवले की तो एकदा ‘टीं’ करायचा, भरलेले ठेवले की दोनदा. इंदूबाईनं आठ दिवसांत तोही आवाज उचलला. हमाल फसून पुढची थप्पी उचलायचे आणि मग तिच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे.

संत्र्यांच्या बागा असलेले लोक इथून प्लॅस्टिकचे कॅरेट नेतात. कुणी ते भरून आणतं, कुणी अमरावतीच्या बाजारात माल खपवून रिकामे परत करतं. प्रत्येक कॅरेटला चिप. दहाची थप्पी काट्यावर ठेवली की कोणत्या गावची, भरलेली की रिकामी, हे सॉफ्टवेअर आपोआप नोंदवतं. थप्पी रचायची मात्र इंदूबाईनं. दिवसाला दोनशे रचायची, आणि नऊ वर्षांत तिच्या हातची एकही कोसळली नव्हती.

तर त्या मंगळवारी दुपारी डोंगरखेडचे खुशालराव चारशे कॅरेट न्यायला आले, आणि स्क्रीननं त्यांच्या गावालाच कुलूप लावलं. डोंगरखेड म्हणजे इंदूबाईचं माहेर. खुशालराव तिचे चुलतभाऊ. सॉफ्टवेअरचं म्हणणं, तुमच्या गावचे चारशे ऐंशी कॅरेट मालानं भरून यार्डात उभे आहेत, आधी ते उचला, मग नवे. आणि यार्डात बघावं तर त्यातला भरलेला एकही नाही. इकडे उद्या सकाळी तीस माणसं तोडणीला येणार होती, व्यापाऱ्याचा ट्रक ठरला होता, संत्री झाडावर पिकून वाट बघत होती.

सिस्टिम सांभाळणारा नितेश अकोल्याचा. फोनवर आईशी ‘हाव व माय, जेवलो न’, आणि फोन ठेवला की लगेच ‘आपण जरा तपासून घेऊया’. त्यानं तीनदा यार्ड तपासून घेतलं. मग म्हणाला, गावकऱ्यांनीच ठेवून घेतले असतील, लोक कॅरेटमध्ये कोंबड्यासुद्धा झाकतात. आमी चोर आहो का, असं खुशालरावांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा टेबलावर हात आपटून.

इंदूबाई दारात उभी राहून ऐकत होती. तेवढ्यात मागून फाटकाकडून आवाज आला. टीं-टीं.

डोंगरखेडच्याच आशाबाईनं ऑटोतून रिकामी थप्पी आणून हमालाकरवी काट्यावर ठेवली होती. रिकामी थप्पी, आणि दोनदा? इंदूबाई तरातरा गेली. वरच्या कॅरेटमध्ये किलोभर वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. तिनं भाजी काढली, थप्पी पुन्हा ठेवली. टीं. भाजी परत घातली. टीं-टीं.

ती काट्याच्या कडेला बसून बोटांवर थप्प्या मोजू लागली.

गावच्या बायांची रीतच तशी. कॅरेट टर्मिनलचे असले तरी जायचे लेकीच्या हातात, मग रिकामे कसे धाडावे? ज्या घरची थप्पी, त्या घरची भाजी. कुणाची मेथी, कुणाचे भेदरे, म्हणजे टोमॅटो. थप्पी काट्यावरून उतरली की इंदूबाई ती पिशवीत घालायची, घरच्यांची खुशाली विचारायची. आवाज कानावर पडत होता, पण माहेरचं माणूस समोर असताना मशीनकडे कोण ध्यान देतं? आणि एकही संत्रं नोंदीतून सुटू नये म्हणून नितेशनं काटा असा कडक लावलेला की अर्धा किलो वाढला तरी दहाच्या दहा कॅरेट मालाचे; प्रत्यक्षात त्या थप्प्या रिकाम्यांच्या ढिगात गेलेल्या.

फाटकावर कुणाकडून काही घ्यायचं नाही, या नियमाखाली तिची सही होती. तिनं तरीही नितेशला हाक मारली.

“साहेब, हे पाहा. भाजीनं थप्प्या भरल्या. अन् भाजी कोनं नेली, तं मी.”

नितेशनं कपाळाला हात लावला. कुलूप उघडायचं तर सॉफ्टवेअर दोन गोष्टी मागत होतं, चूक कशामुळे झाली आणि कुणामुळे. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची ऑफिसातली भाषा पार पुसली गेली.

“मावशी, काटा बिघडला असं लिहितो न मी. तुमाले काहून अडकवू?”

“काटा बिघडला लिवलं तं काटा दुरुस्तीले जाईन,” इंदूबाई म्हणाली. “चार दिवस फाटक बंद. तवर दादाचे संत्रे झाडावर थांबतीन का? माह्यं नाव लिवा. पुरं लिवा.”

त्यानं लिहिलं. किती वेळा भाजी घेतली, ते विचारलं. अठ्ठेचाळीस थप्प्या, तिनं सांगितलं, आणि कुणाच्या घरून काय आलं तेही सांगू लागली, त्या त्या बाईच्या आवाजात. पाचव्या बाईपाशी नितेशनं हात जोडले आणि बटण दाबलं. कुलूप उघडलं.

 कॅरेट गाडीत चढत होते, तेव्हा खुशालरावांनी हळूच विचारलं, “तुह्यं काई होईन का व बाई?”

“होईन ते होईन. सकाळच्यान झाडाखाली कॅरेट लागले पायजे, ते पाह्य,” असं म्हणून तिनं पुढची थप्पी हमालाच्या खांद्याला लावून दिली.

लेखी ताकीद आठ दिवसांनी आली. तोवर डोंगरखेडची तोडणी उरकली होती.