अर्ध्यात कापलेला रोल

सदर इसम: पुरुष, विवाहित, उंची मध्यम, बांधा किरकोळ. ओळखीची खूण, उजव्या हाताच्या नखांवर तपकिरी डाग, साबणाने न जाणारे. पदनाम वैद्यकीय छायाचित्रकार, श्रेणी दोन. श्रेणी एकचे पद मंजूर आहे, भरलेले नाही. कामाचे ठिकाण मोठ्या इस्पितळाचे तळघर, धोबीखान्याला लागून असलेली खोली, जिला खिडकी नाही व असण्याचे कारणही नाही. कर्तव्ये: शस्त्रक्रियांचे, त्वचारोगांचे व काढून टाकलेल्या अवयवांचे वरिष्ठांच्या आदेशानुसार छायाचित्रण करणे, फिल्म धुणे, प्रती काढणे, रुग्णाचा चेहरा येत असल्यास डोळ्यांवर काळी पट्टी मारणे. वर्तन समाधानकारक. तक्रार नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने घरच्या माणसाचा एकही फोटो काढला नव्हता.

इस्पितळात त्याला घुबडराव म्हणत. भर दिवसा अंधारात बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. बायकोने घेतलं होतं. "लोकांचं सोडा," ती म्हणे, "पण घरी येऊनही तुम्ही दिवा न लावता बसता, मग मी कोणत्या तोंडाने भांडू त्यांच्याशी?"

घरचे फोटो न काढण्यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. कॅमेरा इस्पितळाचा, फिल्म इस्पितळाची, आणि घुबडराव हा ऑफिसची टाचणीसुद्धा ऑफिसातच टोचणारा माणूस. शिवाय दिवसभर गळवं आणि गाठी बघून आलेल्याला संध्याकाळी "जरा हसा" म्हणायचा उत्साह उरत नाही.

मग त्याची एकुलती एक लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोट कापून बाळ काढावं लागलं. लेक तिसऱ्या मजल्यावर, अंगात ताप, उठायला सक्त मनाई. बाळ पहिल्या मजल्यावर, काचेच्या पेटीत. पेट्यांच्या त्या खोलीत नातेवाइकांना प्रवेश नव्हता. जावई दूर कुठेतरी रस्त्याच्या कामावर होता, त्याला निरोप गेला होता. घरातला आत जाऊ शकेल असा एकच माणूस, छातीवर इस्पितळाचा बिल्ला असलेला.

"बाबा, सगळे येऊन नुसतं सांगतात," लेक म्हणाली. "नाक असं, बोटं तशी. आईने तर न बघताच सांगितलं, आजोबांवर गेलाय म्हणून."

"न बघता नाही," बायको म्हणाली. "सिस्टरला विचारून सांगितलं."

"तुम्ही फोटो काढून आणा, बाबा."

"बघतो," घुबडराव म्हणाला. सरकारी नोकरीत हा नकाराचा सभ्य प्रकार आहे. पण या वेळी त्याने खरोखरच बघितलं.

कॅमेऱ्यात अर्धा वापरलेला रोल होता. त्याच सकाळी मोठ्या डॉक्टरांनी एका माणसाच्या छातीतून नारळाएवढी गाठ काढली होती आणि घुबडरावाला त्यासाठी मुद्दाम वर बोलावलं होतं. डॉक्टरांना ते फोटो परिषदेत दाखवायचे होते. भुलीच्या वायूमुळे ऑपरेशन थिएटरात फ्लॅश चालत नसे. एक ठिणगी पडली तर डॉक्टर, रुग्ण आणि गाठ असे तिघेही एकदम सुटले असते. म्हणून तिथे तो जलद फिल्म वापरी, कमी उजेडातही चित्र पकडणारी. तिला तो मांजराच्या डोळ्याची फिल्म म्हणे. पहिला रोल संपल्याशिवाय भांडारपाल दुसरा देत नसे, तेव्हा उरलेल्या रोलवर नातवाचा फोटो, एवढी चोरी करायचं त्याने ठरवलं.

"काका, फ्लॅश उडवलात तर तुम्हालाच पेटीत घालीन," खोलीतली सिस्टर म्हणाली.

"फ्लॅश आणलाच नाही."

"मग या. पण लबाड झोपलाय. दिवसातून एकदा डोळे उघडतो, दुनिया बघतो, पटली नाही की परत दुकान बंद."

पेटीत एक मंद पिवळा दिवा होता. बाळाचा चेहरा घुबडरावाच्या मुठीपेक्षा लहान, नाकात नळी, आणि कपाळावर आठ्या, एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारख्या. घुबडराव काचेला लेन्स टेकवून उभा राहिला. उभ्या आयुष्यात त्याने ज्यांचे फोटो काढले त्यांतल्या कुणाचे डोळे उघडण्याची त्याने वाट पाहिली नव्हती.

"उघडले! उघडले हो काका, दाबा!"

त्याने दाबलं. मग आणखी दोन काढले, पण तोवर दुकान बंद झालं होतं.

वर जाऊन त्याने सांगितलं, "काढला."

"डोळे?"

"उघडे."

"कसे आहेत?"

घुबडराव जरा विचारात पडला. "काळे," तो म्हणाला.

"तुमच्या फोटोत सगळंच काळं असतं, बाबा," लेक म्हणाली, आणि टाक्यांवर हात दाबून हसली. ते तिचं त्या आठवड्यातलं शेवटचं हसणं, पण तेव्हा ते कुणी मोजून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला दिवा बंद होता.

दुपारी जावई पोहोचला. तो आणि घुबडराव स्मशानात जाऊन आले. लेकीला बायकोने सांगितलं. लेक रडली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "फोटो?"

बायकोने नवऱ्याला जिन्यात गाठलं.

"धुऊ नका तो."

"तिने मागितलाय."

"मागेल. उद्या विष मागेल, द्याल? चेहरा पाहिलाच नाही तर कधीतरी विसरेल तरी. एकदा पाहिला की जन्माची सोबत होते."

"तिला आत्ताही काही विसरायचं नाहीये."

"तुम्हाला काय कळतं? तुम्ही तर माणसांच्या डोळ्यांवर पट्ट्या मारता!"

तो खाली गेला.

खोलीचा दिवा लावून त्याने रोल गुंडाळण्यासाठी कॅमेरा हातात घेतला, आणि तिथेच त्याला शटरची चकती दिसली. ती ऑपरेशन थिएटरच्या आकड्यावर होती. फ्लॅश नसला तरी तिथे गाठीवर डोळे दिपवणारा दिवा रोखलेला असतो, शटर पापणी लवायच्या आत मिटलं तरी चालतं. पेटीतल्या मिणमिणत्या दिव्याला ते कितीतरी जास्त वेळ उघडं ठेवायला हवं होतं. डोळे उघडण्याची वाट बघता बघता तो चकती फिरवायला विसरला होता. नवशिक्यालाही लाज वाटावी अशी चूक. फिल्मवर बाळ होतं, पण उजेड जेमतेम लागला होता. रोजच्यासारखी धुतली असती तर त्या जागी काचेसारखी कोरी पट्टीच निघाली असती.

याला एक उपाय असतो. अशी उपाशी फिल्म डेव्हलपरच्या द्रावणात नेहमीपेक्षा फार जास्त वेळ ठेवायची, पाणीही जरा गरम घ्यायचं. मग जे थोडं आहे ते खेचून वर येतं. दाणे मोठे होतात, चित्र वाळूने काढल्यासारखं दिसतं, पण येतं. फक्त तेवढा वेळ ठेवलं तर त्याच रोलवरची डॉक्टरांची गाठ, जिला आधीच भरपेट उजेड मिळाला होता, जळून कोळसा झाली असती. एकाच ताटात उपाशी आणि अजीर्ण झालेला असे दोघे बसले होते, आणि वाढपी एकच.

रोल कापायचा, हे उघड होतं. डॉक्टरांचा तुकडा वेगळा, बाळाचा वेगळा. पण कुठे? ही फिल्म पूर्ण अंधारात हाताळावी लागते, आणि घुबडरावाला अंधारात दिसतं हा इस्पितळातला गैरसमज होता. अंधारात कुणालाच दिसत नाही. त्याने टेबलाच्या कडेला फोटोच्या लांबीच्या अंतरावर छोटे खिळे ठोकून ठेवले होते, त्यांवरून तो बोटांनी मोजत असे. मोजून कापायचं तर डॉक्टरांचे फोटो किती झाले ते माहीत हवं. कॅमेऱ्यावरचा आकडा वर्षभर उड्या मारत होता. दुरुस्तीचा अर्ज विचाराधीन होता. वीस झाले होते की बावीस? गाठ बाहेर आली, डॉक्टर म्हणाले "आता घ्या", तेव्हा त्याने दोनदा दाबलं की चारदा?

हद्दीवर एका बाजूला ट्रेमधली गाठ होती आणि दुसऱ्या बाजूला लगेच बाळाचा पहिला फोटो. उघड्या डोळ्यांचा तेवढा एकच. पुढे कापलं तर डोळे जातील. मागे कापलं तर गाठ जाईल, आणि ज्या गाठीसाठी त्याला वर बोलावलं ती त्या माणसाच्या छातीत परत कुणी घालणार नव्हतं.

त्याने दिवा बंद केला. पलीकडे धोबीखान्याची यंत्रं घरघरत होती. फिल्म बाहेर ओढून तो खिळे चाचपत गेला, पोहोचला, थांबला. मग बोट दोन खिळे मागे आणलं, आणि कात्री चालवली.

डॉक्टरांचा तुकडा त्याने रोजच्यासारखा धुतला. बाळाचा तुकडा डब्यात घालून हलवत बसला. हलवताना त्याचे ओठ हलत होते. तो वेळ मोजत असावा.

दिव्यात धरल्यावर अंदाज बरोबर ठरला, म्हणजे अर्धा. गाठीचे सगळे फोटो बाळाच्या तुकड्यात आले होते आणि काळेठिक्कर झाले होते. त्यांच्यानंतर तीन फिकट राखाडी चौकोन. पहिल्यात काहीतरी होतं.

डॉक्टरांनी नंतर विचारलं, "अहो, मी छाती उघडतोय याचे एवढे फोटो आहेत. जिच्यासाठी उघडली ती कुठे?"

"हातून चूक झाली," घुबडराव म्हणाला.

"कसली चूक?"

"कापण्याची."

डॉक्टर या विषयातले असल्यामुळे त्यांनी पुढे विचारलं नाही, वर लिहून मात्र कळवलं. त्या वर्षीची पगारवाढ थांबली. गाठवाला माणूस खडखडीत बरा झाला, पण परिषदेला त्याचा काही उपयोग नव्हता.

हे पुढचं. त्या दिवशी घुबडरावाने पहिला फोटो हाताशी असलेल्या सगळ्यात मोठ्या कागदावर छापला, वाळवला, आणि शर्टाच्या आत धरून तिसऱ्या मजल्यावर नेला. बायको पलंगाशी बसली होती. जावई औषधं आणायला गेला होता. लेकीने फोटो दोन्ही हातांनी घेतला आणि अगदी नाकाशी नेला. मग उलटा केला. मग पुन्हा सुलटा.

"बाबा, हे नुसते ठिपके आहेत."

"दाणे आहेत," तो म्हणाला. "उजेड कमी पडला. माझ्यामुळे."

"यात बाळ कुठे आहे?"

"आण इकडे," बायको म्हणाली. "मी आधीच सांगत होते." तिने फोटो काढून घेतला आणि पिशवीत घालण्यासाठी उठली. दोन पावलं गेली असेल नसेल.

"आई, थांब. माझ्याकडे वळव तो."

बायकोने वळवला.

"जरा मागे जा. अजून."

बायको मागे सरकली. शेजारच्या पलंगावरच्या बाईने तिला वाट देण्यासाठी पाय जवळ ओढले.

"अजून?"

"अजून."

पाठीला दार लागलं तेव्हा ती थांबली. फोटो तिने दोन्ही हातांनी डोक्याइतका वर धरला होता. तिला मात्र कागदाची कोरी पांढरी पाठच दिसत होती.

"दिसतंय का काही?" तिने विचारलं.

लेक कोपरांवर जोर देऊन थोडी उठली होती. तसं उठायला मनाई होती. घुबडराव खिडकीशी उभा होता, त्याने तिला आडवं केलं नाही.

"माझ्याकडेच बघतोय," लेक म्हणाली.

"कोण?" बायको म्हणाली, आणि फोटो आणखी थोडा वर उचलला.

नियमाप्रमाणे भेटीची वेळ पाच वाजता संपते. घंटा झाली, सिस्टर आली, दारातल्या बाईला बघून तशीच परत गेली. बायकोचे हात दुखायला लागले होते.